व्होल्वो २४० टर्बोला ट्विन-कॅम इंजिन: एका नियोजनाचा प्रकरण अभ्यास

१९८३ सालची व्होल्वो २४० टर्बो माझ्यासमोर आली ती स्वतः धावत आली, आणि पुढच्या सगळ्या नियोजनात हीच सर्वांत मोठी जमेची बाजू ठरली. इंजिन मूळचेच होते. बी२१ईटी म्हणून ओळखले जाणारे हे इंजिन २१२७ सीसीचे असून त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९२ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८० मिमी आहे. त्याला एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा), सिलिंडरमागे दोन व्हॉल्व्ह, गॅरेटचा टर्बो आणि बॉशची के-जेट्रॉनिक ही यांत्रिक इंधनप्रणाली आहे. नवे असताना ते १५५ अश्वशक्ती आणि २४० न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. कॉम्प्रेशन तपासले तेव्हा पहिल्या तीन सिलिंडरांचे आकडे एकमेकांजवळ होते, चौथ्याचा मात्र जवळजवळ चतुर्थांशाने कमी आला. स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले तर आकडा वर चढला. याचा अर्थ दोष व्हॉल्व्हमध्ये नव्हता, रिंगा आणि बोअर झिजले होते. इंजिन चालू ठेवून तेल भरायचे झाकण काढले की बाहेर येणारा धूरही तेच सांगत होता.

मालकांची मागणी स्पष्ट होती. "नाहीतरी इंजिन उघडायचंच आहे, तर दोन कॅमचंच बसवू या. बसेल का, तेवढं सांगा." त्यांच्याकडे भंगारात निघालेल्या व्होल्वो ७४० मधले बी२३४एफ इंजिन आधीच येऊन पडले होते. हे इंजिन त्याच घराण्यातले, २३१६ सीसीचे आहे. त्याचा बोअर ९६ मिमी, स्ट्रोक तोच ८० मिमी, दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरात मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, १०:१ आहे. घराणे एक असल्यामुळे गिअरबॉक्सच्या तोंडाचे बोल्ट जुळतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला काम सोपे वाटते. प्रत्यक्षात या दोन इंजिनांत जे फरक आहेत ते सगळे अशा जागी आहेत, जिथे चूक झाली तर ती पहिल्या स्टार्टलाच किंवा पहिल्या हजार किलोमीटरांत इंजिनच संपवते.

मुळात ट्विन-कॅमची गरज आहे का

हा प्रश्न मी मालकांपुढे गांभीर्याने ठेवला, कारण त्याचे उत्तर गृहीत धरून पुढे जाणे मला पटत नव्हते. १९८५ साली थॉमस लिंडस्ट्रॉम आणि जानफ्रांको ब्रांकातेल्ली यांनी युरोपियन टूरिंग कार चॅम्पियनशिप जिंकली ती २४० टर्बोच्या ग्रुप ए या शर्यतींच्या वर्गासाठीच्या आवृत्तीत, आणि त्याच वर्षी पेर स्टुरेसन यांनी जर्मनीतील टूरिंग कार मालिकेचे विजेतेपद मिळवले तेही याच गाडीत. त्या गाड्या तीनशेहून अधिक अश्वशक्ती काढत होत्या, आणि हेडवर, म्हणजे सिलिंडरांवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागावर, कॅमशाफ्ट एकच होता. केवळ ताकद हवी असेल तर जुना ब्लॉक बोअर करून, नव्या रिंगा-पिस्टन घालून, चांगला इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा) आणि थोडा वाढीव बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) देऊन ती मिळते, तीही निम्म्या कष्टात.

चार व्हॉल्व्हच्या हेडचा खरा फायदा वेगळा आहे. वरच्या आरपीएमवर श्वास कोंडत नाही. स्पार्क प्लग ज्वलनाच्या चेंबरच्या मधोमध असल्यामुळे ज्योतीला सगळीकडे सारखेच अंतर कापावे लागते, त्यामुळे इग्निशन कमी आगाऊ ठेवूनही काम भागते आणि नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटून इंजिनाला धक्के बसण्याची, भीती कमी होते. तेवढीच ताकद कमी बूस्टवर मिळते, म्हणजे आत जाणारी हवा कमी तापते. रोज वापरायच्या गाडीत हे गुण मोलाचे आहेत. मालकांना हवे होते ते हेच, फक्त त्यांनी ते अश्वशक्तीच्या भाषेत मागितले होते. हे स्पष्ट झाल्यावर मी होकार दिला, मात्र एका अटीवर: आकडा आधी ठरवून गाडी त्याच्यामागे ओढायची नाही, गाडीतला सर्वांत कमकुवत दुवा आधी शोधायचा आणि तिथून उलट मोजत इंजिनापर्यंत यायचे.

कमकुवत दुवा: गिअरबॉक्स

या गाडीत तो दुवा एम४६ गिअरबॉक्स आहे. चार गिअर आणि चौथ्यावर विजेच्या सोलेनॉइडने लागणारा ओव्हरड्राइव्ह अशी त्याची रचना आहे. ओव्हरड्राइव्हमध्ये तेलाच्या दाबाने एक शंकूच्या आकाराचा क्लच धरला जातो, आणि टॉर्क वाढला की पहिल्यांदा घसरतो तो हाच. मूळ इंजिन २४० न्यूटन-मीटर देत होते. चांगल्या अवस्थेतील एम४६ साठी मी ३०० न्यूटन-मीटर ही मर्यादा धरली. हा माझ्या अनुभवावरचा निर्णय आहे. यापेक्षा जास्त देऊनही काही गाड्या चालतात, पण किती दिवस चालतील याची खात्री मला देता येणार नाही.

ही मर्यादा मान्य केली की बाकीचे आकडे आपोआप उलगडत जातात. बी२३४एफ टर्बोविना सुमारे २०० न्यूटन-मीटर देते. त्याच्या दीडपट हवे, शिवाय कॉम्प्रेशन उतरवल्यामुळे आणि हवा तापल्यामुळे थोडी घट येणार, म्हणून वातावरणापेक्षा साधारण ०.६५ बार बूस्ट पुरेसा ठरतो. ३०० न्यूटन-मीटर ५५०० आरपीएमपर्यंत टिकले तर सुमारे २३५ अश्वशक्ती होते. मालकांच्या मनात यापेक्षा मोठा आकडा होता. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना ईसीयूने (इंधन आणि ठिणगी सांभाळणाऱ्या संगणकाने) बूस्ट आपोआप उतरवावा, अशी तारही योजनेत घातली. ओव्हरड्राइव्हच्या रिलेचा संकेत ईसीयूच्या एका मोकळ्या इनपुटला जोडायचा, एवढेच ते काम आहे, आणि गिअरबॉक्सचे आयुष्य त्याने खूप वाढते.

तीन वाटा

पहिली वाट म्हणजे बी२३४एफ जसेच्या तसे बसवून त्यावर टर्बो चढवणे. ही वाट मी लवकर सोडली. १०:१ कॉम्प्रेशनवर ०.६५ बार बूस्ट देणे म्हणजे साध्या पेट्रोलवर नॉकिंगला आमंत्रण आहे. हा ब्लॉक टर्बोसाठी बनलेला नसल्यामुळे टर्बोतून परतणाऱ्या तेलाची सोयही स्वतः करावी लागते. शिवाय या इंजिनात थरथर कमी करणारे दोन बॅलन्स शाफ्ट आहेत आणि त्यांना वेगळा बेल्ट आहे. तो बेल्ट तुटून मुख्य टायमिंग बेल्टच्या मार्गात गेला की टायमिंग सुटते, आणि या हेडमध्ये टायमिंग सुटले की व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात.

दुसरी वाट कारखान्यातूनच टर्बोसह आलेल्या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाची. इटलीत दोन लिटरवरच्या गाड्यांवर मोठा कर होता, म्हणून व्होल्वोने अशा बाजारपेठांसाठी ७०० आणि ९०० मालिकेत बी२०४ नावाचे १९८६ सीसीचे टर्बो इंजिन दिले होते. ते सर्व अर्थांनी योग्य उत्तर ठरले असते, पण चांगल्या अवस्थेत मिळणे दुर्मीळ आहे, आणि जे मिळेल ते पुन्हा खोलावेच लागेल. या इंजिनाची वाट पाहत गाडी वर्षभर उभी ठेवायला मी तयार नव्हतो.

तिसरी वाट निवडली. खाली ७४० टर्बोमधला बी२३०एफटी ब्लॉक, वर बी२३४ चे हेड. हा ब्लॉक २३१६ सीसीचाच आहे आणि टर्बोसाठी लागणारी तेलाची जा-ये त्यात मूळचीच आहे. २४० गाडीला नंतरच्या काळात बी२३० इंजिने कारखान्यातूनच बसत असल्यामुळे २४० चे ऑइल पॅन आणि माउंटिंगचे ब्रॅकेट त्याला लागतात. ब्लॉक निवडताना मात्र साल पाहिले. १९८९ पूर्वीच्या बी२३० मधले पिस्टन क्रँकला जोडणारे कनेक्टिंग रॉड सडपातळ आहेत आणि बूस्टखाली वाकल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, म्हणून जाड रॉडचा नंतरचाच ब्लॉक घेतला. या वाटेत बॅलन्स शाफ्ट गमवावे लागतात. चार सिलिंडरांच्या मोठ्या इंजिनात क्रँकच्या दुप्पट वेगाने येणारी थरथर त्यामुळे उरणार. पण बी२१ईटीलाही बॅलन्स शाफ्ट नव्हतेच, तेव्हा मालकांच्या सवयीत त्याने फारसा फरक पडणार नव्हता.

हेड आणि ब्लॉक वेगवेगळ्या इंजिनांचे असले की दोन्हीच्या हेड गॅस्केट एकावर एक ठेवून, उजेडाकडे धरून, प्रत्येक पाण्याचे आणि तेलाचे भोक पेन्सिलीने टिपून घ्यावे. हे काम अर्ध्या तासाचे आहे. कुठले भोक उघडे राहते, कुठले आंधळे होते आणि कुठे गॅस्केटची कड भोकाच्या तोंडावर येते, हे त्या कागदावर जितके स्वच्छ दिसते तितके कुठल्याही वर्णनातून समजत नाही. बी२३० चा वॉटर पंप वरच्या बाजूने रबरी रिंगेवर थेट हेडच्या तळाला टेकतो, म्हणून ती रिंग नव्या हेडखाली पुरेशी दाबली जाते का, हेही त्याच वेळी पाहिले.

पिस्टन, चेंबर आणि एक फसवे माप

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. लक्ष्य ८.५:१ कॉम्प्रेशन ठेवले. एका सिलिंडरचे घनफळ ५७९ सीसी. १०:१ साठी पिस्टन वर असताना उरलेली जागा ६४.३ सीसी असते आणि ८.५:१ साठी ती ७७.२ सीसी लागते. म्हणजे जवळपास १३ सीसी जागा वाढवायची होती. जाड गॅस्केट किंवा मध्ये पत्रा घालून ही जागा काढण्याची पद्धत सर्रास वापरली जाते, आणि मी तिच्या ठामपणे विरोधात आहे. ९६ मिमी बोअरला एक मिलिमीटर उंचीमागे ७.२ सीसी मिळतात, म्हणजे हेड पावणेदोन मिलिमीटरहून अधिक उचलावे लागेल. तसे केले की पिस्टनची कड आणि हेडचा सपाट भाग यांच्यामधली अरुंद फट मोकळी होते. याच फटीतून मिश्रण चेंबरच्या मध्याकडे ढकलले जाते आणि नॉकिंगला आळा बसतो. कॉम्प्रेशन उतरवायचे कारणच नॉकिंग, आणि उतरवण्याची ही रीत नॉकिंगलाच मदत करते. म्हणून जागा पिस्टनच्या माथ्यावर खळगा करूनच काढायची, आणि पिस्टन फोर्ज केलेले, मोजमाप देऊन बनवून घ्यायचे ठरले.

मोजमाप द्यायचे म्हणजे आधी ते घ्यायला हवे. हेड धुऊन त्याची उंची मोजली तेव्हा ती पुस्तकातल्या आकड्यापेक्षा ०.४ मिमीने कमी आली. पूर्वी कधीतरी कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये हेडचे फेसिंग (तळ तासून सपाट करणे) झाले होते आणि त्याची नोंद कुठेही नव्हती. मग प्रत्येक चेंबर मोजला. हेड उलटे, किंचित तिरके ठेवायचे, चेंबरच्या तोंडावर ग्रीसची बारीक रेघ ओढून भोक पाडलेली अॅक्रिलिकची चकती बसवायची आणि ब्युरेटमधून रंगीत पातळ द्रव सोडत राहायचा. शेवटचा बुडबुडा चकतीखालून सरकत भोकाशी येतो आणि फुटतो, तेव्हा ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. फेसिंगमुळे प्रत्येक चेंबरची साधारण अडीच सीसी जागा गेली होती. याचा अर्थ या हेडने मूळ पिस्टनवर १०:१ ऐवजी जवळपास १०.३५:१ दिले असते, आणि पिस्टनमधला खळगा १३ नव्हे तर १५ सीसीहून थोडा अधिक हवा होता. छापील आकड्यावर विसंबून पिस्टन मागवले असते तर हा फरक इंजिन बांधून झाल्यावर कळला असता.

त्यानंतर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातले अंतर. यासाठी बी२३४ चा एक मूळ पिस्टन बी२३० च्या रॉडवर, फक्त एका सिलिंडरापुरता, जोडला. त्याच्या माथ्यावरच्या खाचांत मऊ प्लॅस्टिसिनचे पातळ थर बसवले, त्यावर तेलाचे बोट फिरवले, जुन्या गॅस्केटवर हेड ठेवून बोल्ट पूर्ण आवळले, बेल्ट लावला आणि क्रँकच्या बोल्टवर पाना घालून इंजिन हाताने सावकाश दोन पूर्ण फेऱ्या फिरवले. हेड उचलले तेव्हा प्लॅस्टिसिनवर चारही व्हॉल्व्हचे गोल ठसे स्वच्छ उमटले होते. ब्लेडने मधोमध कापून व्हर्निअरने जाडी मोजली. एक्झॉस्टकडे ३.३ मिमी, इनटेककडे त्याहून जास्त. एक्झॉस्टला किमान २.५ आणि इनटेकला किमान २ मिमी अंतर असावे असा रूढ नियम आहे, तेव्हा हे माप उत्तमच वाटले. मालकही त्या वेळी शेजारी उभे होते आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मला मात्र ते माप खटकले. हेड ०.४ मिमीने खाली आलेले असताना इतकी ऐसपैस जागा उरणे संशयास्पद होते. चूक शोधायला वेळ लागला नाही. या हेडचे टॅपेट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले दाबणारे भाग, हायड्रॉलिक आहेत. इंजिन चालू असताना तेलाच्या दाबाने ते ताठ उभे राहतात, पण कोरड्या हेडमध्ये व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोराने ते आतल्या आत दबतात. कॅम पूर्ण दाबत होता, पण त्यातले मिलिमीटरभर टॅपेट स्वतःच गिळत होता. व्हॉल्व्ह प्रत्यक्षात उघडायला हवा तितका उघडतच नव्हता, म्हणून प्लॅस्टिसिन जाड राहिले. माप काळजीपूर्वक घेतले होते, आणि तरीही ते खोटे होते.

लेथवर मूळ टॅपेटच्या उंचीचे चार भरीव टॅपेट बनवून घेतले, व्हॉल्व्हच्या मूळ स्प्रिंग काढून हलक्या चाचणीच्या स्प्रिंग घातल्या आणि तेच सगळे पुन्हा केले. या वेळी प्लॅस्टिसिनबरोबर डायल गेजही लावला. एक्झॉस्टचे अंतर १.९ मिमी आले, इनटेकचे २.२. शिवाय हेड खाली आले की क्रँकच्या तुलनेत कॅम किंचित मागे पडतात, आणि एक्झॉस्ट कॅम मागे पडला की वर येणारा पिस्टन मिटत असलेल्या व्हॉल्व्हच्या आणखी जवळ पोचतो. म्हणून एक्झॉस्ट कॅम पाच अंश मागे आणि इनटेक कॅम पाच अंश पुढे सरकवून मापे पुन्हा घेतली आणि त्यातली सर्वांत वाईट धरली. पिस्टनच्या चित्रात एक्झॉस्टची खाच त्यानुसार मूळ पिस्टनपेक्षा १ मिमीने आणि इनटेकची अर्ध्या मिमीने खोल दाखवली, आणि खाचांनी वाढलेली जागा खळग्याच्या घनफळातून वजा केली. हायड्रॉलिक टॅपेटचे हेड घेऊन जो कोणी हे काम करणार असेल, त्याने भरीव टॅपेटशिवाय घेतलेले एकही माप कागदावर उतरवू नये, असे मी कळकळीने सांगेन.

बेल्ट

जुन्या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला तर गाडी रस्त्याच्या कडेला थांबते, नवा बेल्ट लावला की पुन्हा चालते. सोळा व्हॉल्व्हच्या हेडला ही सवलत नाही, आणि मालकांना ही गोष्ट मी दोनदा सांगितली. बी२३४ मध्ये तेलाचा पंपही टायमिंग बेल्टवर फिरतो. बी२३० ब्लॉकमध्ये तो इंटरमिजिएट शाफ्टवर आहे. त्यामुळे मिश्र इंजिनाला दोघांपैकी कोणाचाच बेल्ट जसाच्या तसा बसत नाही आणि लांबी नव्याने काढावी लागते. त्याआधी दातांचा आकार पाहावा. जुन्या ब्लॉकच्या पुल्यांचे दात चौकोनी आहेत, बी२३४ चे गोलसर. दोन प्रकारचे दात एका बेल्टवर चालवता येत नाहीत, म्हणून क्रँक आणि इंटरमिजिएट शाफ्टच्या पुल्या गोल दातांच्याच घेतल्या. सर्व पुल्या आणि टेन्शनर प्रत्यक्ष जागी लावून त्यांच्याभोवती न ताणणारी दोरी फिरवून लांबी मोजली. क्रँकच्या पुलीवर किमान सहा दात पूर्ण पकडीत राहतील अशी टेन्शनरची जागा ठरवली. बी२३४ साठी बेल्ट बदलण्याचे अंतर साधारण ८०,००० किमी धरले जाते. या जोडणीसाठी मी ते निम्म्यावर आणले आणि तसे लेखी दिले.

हेडची मागची बाजू, ठिणगी आणि इंधन

बी२३४ चा डिस्ट्रिब्युटर हेडच्या मागच्या टोकाला आहे. ७४० मध्ये त्याला जागा आहे, २४० मध्ये त्याच्यामागे लगेच फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) येते. जुने इंजिन गाडीत असतानाच पुठ्ठ्याचा साचा कापून हे तपासले: हेडच्या मागच्या कडेचा आकार, त्यावर डिस्ट्रिब्युटर आणि त्याचे झाकण, सगळे खऱ्या मापाचे. साचा पत्र्याला भिडला. काही जण फायरवॉल ठोकून खड्डा करतात. चाळीस वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर हातोडा चालवायला माझे मन घेत नाही, आणि गरजही नव्हती. डिस्ट्रिब्युटर काढून तिथे चकती बसवली की २२ मिमी मोकळी जागा उरते. रबरी माउंटिंगवर इंजिन हलते तेवढ्याला ती पुरते, आणि हीटरचा पाइपही शेजारून जातो.

डिस्ट्रिब्युटर गेला म्हणजे ठिणगी कॉइलने द्यायची. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यामुळे एक कॉइल १ आणि ४ साठी, दुसरी २ आणि ३ साठी, असे दोन कॉइलवर भागते. क्रँकची स्थिती कळण्यासाठी पुढच्या पुलीवर साठातले दोन दात वगळलेले चाक बसवायचे. मूळ पुली रबराने जोडलेल्या दोन भागांची आहे आणि रबर म्हातारे झाले की बाहेरची कडी आतल्या भागावर सरकते. दातांचे चाक त्या कडीवर लावले तर ती सरकताच इग्निशन चुकते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून चाक आतल्या हबलाच बोल्टने धरायचे.

के-जेट्रॉनिक ठेवण्याचा विचार केला नाही. इंजेक्टर विजेचे, ईसीयू स्वतंत्र आणि पूर्णपणे प्रोग्रॅम करता येणारा. २४० अश्वशक्तीसाठी, प्रत्येक अश्वशक्तीमागे ताशी सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल धरून आणि इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त उघडे राहू नयेत असे मानून, प्रत्येकी मिनिटाला सुमारे ४६० सीसी क्षमता लागते. जुना इंधन पंप पुरेसा आहे का, हे तर्काने ठरवले नाही. ३.६५ बार दाबावर अर्धा मिनिट मोजपात्रात पेट्रोल सोडून पाहिले. पाऊण लिटर ही गरज होती, आले एक लिटरच्या थोडे वर, म्हणून पंप कायम ठेवला. वायरिंगचे मात्र काहीच ठेवता आले नाही. त्या काळातल्या या गाड्यांच्या इंजिनाकडील तारांचे आवरण कालांतराने कुजते. हार्नेसची टेप सोडली तेव्हा आतले आवरण बोटांत चुरा होऊन आले आणि तांबे उघडे पडले. ट्विन-कॅमचा विषय निघाला नसता तरी हे काम टळणारे नव्हते.

टर्बो जुना गॅरेट टी३ च, बेअरिंगे बदलून. हेडची एक्झॉस्टची भोके वेगळी असल्यामुळे मॅनिफोल्ड जाड पोलादी पाइपचे वेल्ड करून घ्यायचे. टर्बोचे वजन पेलायला ब्लॉकवरून वेगळा आधार द्यायचा, नाहीतर वेल्डच्या कडेला भेगा पडतात. तेलाचा परतीचा पाइप जाड आणि सतत उताराचा हवा. रेडिएटर मोठा, इंटरकूलर त्याच्यापुढे.

कामाचा क्रम

मालकांशी सर्वांत जास्त मतभेद झाला तो इथे. त्यांना जुने इंजिन लगेच उतरवायचे होते. मी ते गाडीतच ठेवण्यावर ठाम राहिलो. नवे इंजिन स्टँडवर संपूर्ण बांधून, मॅनिफोल्ड, टर्बो, बेल्ट, सेन्सरसकट तयार होईपर्यंत गाडी चालती राहिली पाहिजे. उभ्या गाडीतून अडचण आली की एकेक सुटा भाग निघत जातो, मग त्यांचे डबे हरवतात आणि दोन वर्षांनी गाडी कोणीतरी तशीच विकून टाकते. असे मी अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी वाईट वाटले आहे. स्वतंत्र ईसीयू आणि नवे वायरिंगही आधी जुन्या इंजिनावरच, फक्त तापमान, दाब आणि क्रँक सेन्सर वाचण्यापुरते लावायचे, म्हणजे सेन्सरच्या चुका आणि इंजिनाच्या चुका एकाच दिवशी समोर येणार नाहीत. इंजिन क्रमांक बदलणार असल्यामुळे नोंदणी आणि विमा यांची परवानगी, तसेच धूरचाचणीचे नियम, हे पिस्टनची ऑर्डर देण्याआधी लेखी मिळवायचे ठरले. ब्लॉकच्या खरेदीचा आणि बी२३४ हेडचा कागद फाइलला लावला.

हे लिहीत असताना परवानगी हातात आली आहे आणि पिस्टनचे चित्र कारखान्याकडे गेले आहे. ब्लॉकचा बोअर त्यांनी पिस्टन पाठवल्यावरच, प्रत्येक पिस्टन मोजून, त्याच्या मापाने अंतिम करायचा आहे. पिस्टन आल्यावर चारही सिलिंडरांत भरीव टॅपेटने अंतर पुन्हा मोजायचे, आणि चारांपैकी एकही एक्झॉस्ट २.५ मिमीच्या खाली आला तर हेड बंद करायचे नाही, असे कामाच्या कागदावर सर्वांत वर लिहून त्याखाली मालकांची आणि माझी सही घेतली आहे. ते चार भरीव टॅपेट तेल लावून, कापडात गुंडाळून, स्टँडवरच्या ब्लॉकशेजारी ठेवले आहेत. गाडी अजून जुन्याच इंजिनावर, चौथ्या सिलिंडरच्या अशक्त श्वासासह, रोज धावते आहे.